खुणेखालचा ठिपका

माझा स्वभाव तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात मला सगळे फौजदार म्हणायचे आणि ते नाव सरांनीच पाडलं होतं. एखाद्या पावतीवरची तारीख खाडाखोड केलेली दिसली की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि सर पलीकडच्या टेबलावरून म्हणायचे, "झालं! आता कुणाचं काही खरं नाही."

हिशेब तपासायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. परीक्षेत दोनदा आपटले, तेव्हा तिसऱ्यांदाची फी त्यांनी भरली आणि वर ऐकवलं, "पगारातून कापणार आहे." कधीच कापली नाही. तपासलेल्या आकड्यासमोर हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, हे कुठल्याही ऑफिसात चालतं. आमच्याकडे जोडीला एक ठिपका होता. मूळ कागद स्वतः हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला असेल तरच खुणेखाली ठिपका घालायचा. ही सरांची पद्धत आणि त्यांच्यानंतर फक्त माझी. बाकीच्यांना ती कटकट वाटायची. "ठिपका म्हणजे शपथ," सर म्हणायचे. "खोटा घातलास तर तंगडं मोडीन."

गेल्या वर्षी आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात परिचारिकांच्या निवृत्ती फंडाची तपासणी संपवायची होती. ठेवपावत्यांची बत्तीस पानं राहिली होती. सर थर्मास घेऊन हॉस्पिटलात आले, आईच्या उशाशी बसले, तिला हसवलं. निघताना मला म्हणाले, "तू इथंच थांब. ती पानं मी बघतो. तुझी पेन्सिल दे, माझी संपलीय." मी पर्समधून काढून दिली. माझा जीव आईत अडकलेला, पेन्सिलीचा कुठे विचार करत बसू?

त्या वॉर्डातली एक पिकल्या केसांची सिस्टर याच फंडाची सभासद निघाली. निवृत्तीला सहा महिने उरले होते. "आमचा हिशेब तुम्हीच बघता ना? मग मी निवांत आहे," असं म्हणून तिने आईचं सलाइन बदललं.

आठ महिन्यांनी फंड बुडाला. पावत्या बनावट होत्या आणि पैसे सचिवाने कधीच स्वतःच्या धंद्यात घातले होते. सचिव म्हणजे सरांचा शाळेपासूनचा मित्र. "दोन महिने सांभाळून घे," असं तो म्हणाला आणि सरांनी सांभाळून घेतलं. एक पैसा घेतला नाही हो त्यांनी. घेतला असता तर मला त्यांचा राग तरी नीट करता आला असता.

चौकशी कार्यालयाने फाइल मागवली. ती बत्तीस पानं मी तिथे पहिल्यांदा पाहिली. प्रत्येक पानावर माझी हिरवी खूण, उजवीकडे लांब शेपटीची, सरांनी माझ्याकडून घटवून घेतली होती तशीच. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं. तारीख ऑपरेशनच्या आदल्या आठवड्याची, म्हणजे मी ऑफिसात असतानाची. मी पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. मग लक्षात आलं, एकाही खुणेखाली ठिपका नव्हता.

जबाबाच्या दिवशी सर व्हरांड्यातच थांबले होते. दाढी वाढलेली.

"खूण तुझी आहे, एवढंच म्हण," ते हळूच म्हणाले. "तुझा निष्काळजीपणा ठरेल, वर्ष-दोन वर्षं परवाना जाईल. तू तरुण आहेस, सावरशील. मी या वयात तुरुंगात..."

त्या माणसाला असं गयावया करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं. खरं सांगते, मी हो म्हणणार होते. ती फी, तो थर्मास, नऊ वर्षं, सगळं एकदम आठवलं.

समोरच्या बाकावर ती सिस्टर बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. आता ही मला शिव्या घालणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आई कशी आहे?" तिने विचारलं. "जिना चढते का आता?"

तेवढ्यात आतून आम्हा दोघांना बोलावणं आलं.

"ही खूण तुमची?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही."

"दिसते तर तुमच्यासारखीच."

मी सोबत आणलेल्या जुन्या फायली उघडून दाखवल्या. नऊ वर्षांत मी तपासलेल्या प्रत्येक ठेवपावतीसमोर, खुणेखाली ठिपका होता. "पावती हातात घेतल्याशिवाय मी पान सोडत नाही, आणि घेतली की ठिपका घालते. ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांनी..."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर सांगतेय ती," ते म्हणाले. "खुणा मी केल्यात."

मी एखादी चूक पकडली की शाबासकी देताना त्यांचा जो आवाज लागायचा, अगदी तोच आवाज.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "सर, ठिपके का नाही घातलेत? घातले असतेत तर आज मला काहीच दाखवता आलं नसतं."

"हात वळला नाही गं," ते म्हणाले. "शपथ होती ना ती."

"आणि माझं नाव घालताना वळला?"

मी ओरडलेच. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. सरांनी खिशातून माझी पेन्सिल काढून पुढे धरली. टोक केलेलं होतं.

मी ती घेतली नाही. ते हात पुढे करून तसेच उभे राहिले आणि मी जाऊन सिस्टरच्या शेजारी बसले.

"चढते," मी तिला म्हणाले. "दोन जिने चढते आता." आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हमसून हमसून रडले.