सांध्यातलं तेल

नवं मल्टिटूल हातात आल्यापासून ऑर्विलला चैन पडत नव्हती. पकड, सुरी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, सगळं एकात आणि सगळं काळं. पोर्टलंडच्या त्या नाट्यगृहात पडद्यामागची माणसं कपडे काळे घालायची आणि हत्यारंही काळीच बाळगायची. विंगेत काही चमकलं की प्रेक्षकांची नजर तिकडे जाते, आणि त्यांच्या धंद्यात याच्याएवढी नामुष्की दुसरी नाही. पण या नव्या हत्याराचा काळेपणा बोटांना लागत होता आणि सांधे हलता हलत नव्हते. म्हणून सकाळीच ऑर्विलने ते साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं आणि तेलाची बाटली काढली.

"सांध्याला एक थेंब बस. आणि वरून कोरड्या फडक्याने पूस," स्टेज मॅनेजर इमोजेन जाता जाता म्हणाली.

"आधीचं गंजून मेलं माझं. याला मी उपाशी ठेवणार नाही," म्हणत त्याने बाटली उपडी केली. पुसायचं राहूनच गेलं. हौसेच्या भरात माणसाचं असंच होतं.

दुपारचा नाचाचा खेळ चांगला रंगला होता. विंगेत लोंबणारी एक दोरी कापायला ऑर्विलने हत्यार काढलं, तर तळवा ओला झाला. बोटं नाकाशी नेली. तेलच होतं. कमरेची पिशवीही खालून भिजली होती.

आणि त्याला आठवलं. खेळ सुरू व्हायच्या आधी नाचाच्या रबरी जाजमाच्या जोडावरची चिकटपट्टी मधोमध सुटली होती. तिथे गुडघे टेकून, याच हत्याराने त्याने नवी चिकटपट्टी कापून लावली होती. काळ्या जाजमावर काळपट तेल दिसणार कुणाला? आतापर्यंत नाच कडेकडेने चालला होता, पण शेवटची मोठी उडी नेमकी तिथेच पडायची होती. ती उडी थिया या तरुण नर्तकीची होती, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा तिचा हा पहिलाच खेळ होता.

थिया घाम टिपत विंगेत आली. "काय रे म्हाताऱ्या, भूत बघितल्यासारखा काय बघतोस?"

"गुडघा कसा आहे?"

"विचारू नकोस. विचारलं की दुखतो."

सांगावं तर ती बिचकणार, आणि बिचकलेली पोर हमखास पडणार. खेळ थांबवावा तर उभ्या हयातीत त्याच्यापायी एकही खेळ थांबला नव्हता. कदाचित तेल सांडलंही नसेल. तो या पायावरून त्या पायावर होत राहिला. स्वतःची इज्जत वाचवायला आपण हिचा गुडघा डावावर लावतोय, हे कळून त्याला स्वतःची किळस आली.

थिया रंगमंचावर जायला वळली. त्याने हेडसेटच्या माइकचं बटण दाबलं.

"इमोजेन, पडदा पाड."

"का? काय झालं?"

"मी जाजमावर तेल सांडलंय. बहुतेक."

"बहुतेक?"

"पाड म्हणतो ना."

पडदा पडला. बाहेर कुजबुज सुरू झाली. ऑर्विल गुडघ्यावर बसून जाजम पुसू लागला. फडकं कोरडं आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा कोरडं. इमोजेन हाताची घडी घालून शेजारी येऊन उभी होती. एवढ्यात पट्टीच्या कडेला फडकं काळं झालं. इमोजेनने हाताची घडी सोडली आणि दुसरं फडकं पुढे केलं. दोघांनी मिळून ती जागा स्पिरिटने घासून काढली.

"आता ठीक आहे?" थियाचा आवाज बारीक झाला होता.

हो म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने बूट काढले, मोजे काढले आणि सुटलेलं पोट सावरत त्या जागेवर अनवाणी उडी मारली. मग आणखी एक. मग एका पायावर.

"तुला शोभत नाही हे," थिया म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पडदा वर गेला. ऑर्विलला बघवेना. भिंतीकडे तोंड करून, बूट छातीशी धरून तो नुसता ऐकत राहिला. धावती पावलं आली. मग काहीच नाही. मग धप्प.

त्याने बूट आणखी घट्ट धरले. एक पाऊल वाजलं. मग दुसरं, नाचाच्या ठेक्यात.