ताईनं न ओळखलेली खोली

चित्रकाराला शहरात येऊन चाळीस वर्षं झाली, भाड्याच्या अकरा खोल्या झाल्या, पण आपुलकीनं चौकशी करणारं माणूस म्हणाल तर औषधालाही नाही. शेजारी त्याला 'रंगवाले' म्हणत, तेही टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार करायची असली तरच. त्याची स्वतःची खोली एकच, आणि ती कॅनव्हासवर. लहानपणीचं ते घर कधीच पाडलं होतं, फोटो एकही नव्हता, आईवडील गेले होते. म्हणून हा आठवून आठवून तीच खोली पुन्हा पुन्हा रंगवायचा. डावीकडे खिडकी, तिच्याशी आईचं शिवणयंत्र, उजवीकडे दार.

ती खोली खरोखर होती असं सांगू शकणारं आता एकच माणूस उरलं होतं, थोरली ताई. डोळे तपासायला ती शहरात आली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे डोकावली. या पठ्ठ्यानं सकाळपासून तीनदा फरशी पुसली होती.

ताईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"छान आहे. कुणाचं घर रे?"

"असं काय करतेस? आपलं!"

"काहीतरीच तुझं. आपलं असं कुठं होतं?" मग त्याचा पडलेला चेहरा पाहून म्हणाली, "असेल बाबा. मला आताशा कुठं काय आठवतं!"

चहा संपवून ती तीनच्या बसला गेली.

दार लागलं आणि त्याचं अवसानच गळालं. ज्या खोलीच्या जिवावर चाळीस वर्षं काढली, ती काय आपण मनानंच रचली? मग आपण कुठले, कुणाचे? स्टुलावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

पण हाडाचा चित्रकार, चूक शोधल्याशिवाय त्याला चैन पडेना. चित्र कुठं बिघडलंय ते कळेनासं झालं, की तो पाठ फिरवून ते हातातल्या आरशात बघायचा. उलटं दिसलं की चूक लगेच डोळ्यांत खुपते. या खोलीत चूक असेल असं कधी मनातच आलं नव्हतं, त्यामुळे तिला आरसा दाखवायची वेळ आली नव्हती.

आता दाखवला. खिडकी उजवीकडे गेली, दार डावीकडे, आणि त्याला एकदम कमरेपर्यंतचं प्लास्टर आठवलं. सहा वर्षांचा असताना मांडी मोडून तो आठ महिने खाटेवर होता. समोर आरशाचं कपाट, सगळं घर पाठीमागे. मागं वळता येत नव्हतं. आई, दार, खिडकी, सगळं त्यानं आरशातच पाहिलं होतं. त्याआधीचं काही आठवत नव्हतं, आणि प्लास्टर निघालं त्याच महिन्यात ते घर सुटलं.

त्यानं धडपडत फोन लावला. "ताई, खोली आपलीच आहे! फक्त उलटी झालीय. मी ती आरशातच बघायचो ना!"

बसमध्ये बसलेल्या ताईला जरा वेळानं उमगलं आणि ती खळखळून हसली. "अरे मेल्या! मग दारामागे बाबांची छत्री आहे का?"

"आहे! छत्री आहे!" त्याचा जीव भांड्यात पडला.

"आणि मी रे?"

त्यानं चित्राकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेल्या जुन्या चित्रांकडे. ताई एकाही चित्रात नव्हती.

"तू... तू कुठं असायचीस?"

"तुझ्यासमोरच की. कपाटाला टेकून, आरशाखाली. तुला काही हवं-नको बघायला शाळा बुडवून बसायची मी. तुझी नजर आपली माझ्या डोक्यावरून."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन कानाशी धरूनच त्यानं ब्रश उचलला. दहा वर्षांची ताई. एक वेणी की दोन? चेहरा गोल की लांबट? काही केल्या आठवेना.

"ताई, तेव्हा कशी दिसायचीस गं तू?"



"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "आरसा तुझ्याकडे होता."