माझ्या नावावर खपवलेली खिचडी

मी सौसरजवळच्या एका खेड्यातली, इंदूबाईच्या अंगणातली सूर्यचूल बोलते आहे. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझा राग अजून निवलेला नाही.

माझं रूप साधं. पत्र्याची चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि पोटात चार काळे डबे. मला सरपण लागत नाही, फुंकणी लागत नाही. वेळ मात्र लागतो. भाताला दोन तास, तुरीच्या डाळीला तीन. हे मी कधी कुणापासून लपवलं नाही.

१९८६च्या जानेवारीत सरकारी योजनेतून मला गावात आणलं. सरपंच यशवंतरावांच्या अंगणात मांडव पडला. साडेबाराला मोठे साहेब येणार आणि माझी खिचडी चाखणार होते. दहाला माझ्यात डाळ-तांदूळ ठेवले. मी उन्हाकडे तोंड करून कामाला लागले.

आणि साहेब अकरालाच आले! "टाइम नहीं है," हे ते गाडीतून उतरता उतरताच म्हणाले. "दीड तास थांबा," एवढं सांगायची हिंमत त्या भरल्या मांडवात एकालाही झाली नाही. मागे गावजेवणाची खिचडी चुलीवर रटरटत होती. बरोबरच्या बाबूंनी यशवंतरावांचा मुकादम कवडू याला डोळ्यानं खुणावलं. साहेबांचे हारतुरे चालू असताना त्यानं माझे कच्चे डबे बाहेर काढले, एक रिकामा करून त्यात चुलीवरची खिचडी भरली आणि माझ्या पोटात ठेवली. पाच मिनिटांनी साहेबांसमोर झाकण उघडलं. वाफ निघाली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. आयुष्यातला पहिला मान मिळाला, तोही चोरीचा!

साहेब गेले. भांडी घासायला आलेल्या इंदूबाईला ढिगात माझे तीन कच्चे डबे सापडले. "एवढं धान्य फेकू काय, माय!" म्हणत तिनं ते परत माझ्यात ठेवले आणि आरसा उन्हाकडे वळवला. दोनच्या सुमारास खिचडी मऊसूत शिजली. मी शिजवते, हे गावात तिला एकटीला कळलं.

बाकी गावाला कवडूनं सांगितलं, "माह्या हातानं चुलीवरची खिचडी भरली मी. ते पेटी काईच शिजवत नाई." त्याला खोटारडा तरी कसं म्हणू? खिचडी त्यानंच भरली होती. माझी बाजू घेणाऱ्यांनीच मला बुडवलं होतं.

मला यशवंतरावांच्या गुरांच्या कोठ्यात टाकलं. पोटात बैलांची सरकी भरली. महिन्याभरानं इंदूबाई त्यांच्याकडे गेली. "वापरत नसान तं मले द्या." ते हसले. "ने बापा, जागा तरी रिकामी होईन."

इंदूबाईचा नवरा तुळशीराम पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आठवड्यानं घरी यायचा. ती स्वतः संत्रा तोडायला जायची. घरी थकलेले सासरे, बापूजी. त्यांना दुपारी ऊन ऊन जेवण मिळावं म्हणून चौथीतली लेक छाया शाळा बुडवून चुलीपाशी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरात बसायची. मी आले आणि छाया शाळेत गेली. नवाला डबे ठेवून इंदूबाई कामावर जाई. बारानंतर बापूजी आपल्या हातानं माझं झाकण उघडत.

मार्चमध्ये एकदा बापूजींचं पोट दुखलं. कवडूला तेवढंच पुरे झालं. संत्र्याच्या बागेत वीस बायांसमोर तो म्हणाला, "म्हाताऱ्याले कच्चं खाऊ घालून राहिली तू. मारतं का त्याले? पोरीले शाळेत कायले धाडतं? बसव घरी, रांधन ते!"

बाया कुजबुजल्या. शनिवारी घरी आलेला तुळशीरामही म्हणाला, "लोकं बोलून राहिले. ठेव तिले घरीच." छायानं दप्तर खुंटीला टांगलं. मी अंगणात होते. मला तोंड असतं तर गाव डोक्यावर घेतलं असतं!

इंदूबाई तडक कवडूच्या दारात गेली. "उद्या इतवार हाय, कवडूभाऊ. तुमीच डाळ टाका, तुमीच कुलूप लावा, किल्ली तुमच्याच खिशात ठेवा."

सकाळी दहाला निम्मं गाव गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत जमलं. कवडूनं मला उचलून खाली निखारा लपवलाय का, ते पाहिलं. तोही अपमान मी गिळला. त्यानं तुरीची डाळ टाकली, कुलूप ठोकलं आणि निंबाच्या सावलीत जाऊन बसला. साडेअकराला ढग आला. कुणीतरी हसलं. ढग सरला तशी इंदूबाई उठली, मला थोडं उन्हाकडे फिरवलं आणि परत बसली. बापूजी मात्र खाटेवरून ओरडले, "माह्या तोंडात एक दात नाई. कच्ची डाळ मी चावली कायनं?"

दीड वाजता कवडूनं कुलूप काढलं. वाफ त्याच्या तोंडावर आली. त्यानं डबा उघड्या हातानं धरला आणि "अई गं!" करून सोडला. मग डाळीचा दाणा बोटांत दाबला. पार पीठ झालं.

"शिजली," तो खाली पाहून म्हणाला. आणि बोट धोतराला पुसलं. आमच्या वस्तीतलं अन्न तो तोंडात घालणार नव्हता. मला सगळ्यांत जास्त संताप आला तो त्या पुसलेल्या बोटाचा.

तेवढ्यात त्याची बायको जयवंता गर्दीतून पुढे आली. तिनं तळहात पसरला. "मले वाढ वो, इंदू." सगळ्यांदेखत तिनं डाळ खाल्ली, बोटं चाटली आणि विचारलं, "मीठ पयलेच टाकतं का मंग?"

सोमवारी छाया शाळेत गेली.

मे महिन्यात तेच बाबू आले. पांढुर्ण्याच्या कार्यक्रमासाठी मी तीन दिवस हवी होते. इंदूबाई दारातच उभी राहिली. "पेटी नाई भेटत. पाह्याची असन तं तुमच्या सायबाले म्हणा, दहाले या अन् डाळ शिजेपर्यंत बसा." कुणी आलं नाही.

मी गावात आले त्याला आज तीन वर्षं झाली. माझी एक काच तडकली आहे, आरशाचा पारा कडेनं उडाला आहे. ते मला चालतं. कुणी मला हळू म्हटलं तरी चालतं, मी हळूच आहे. पण माझी लाज राखायला दुसऱ्या चुलीवरचं माझ्या नावानं वाढू नका. थोडं थांबा, एवढंच माझं मागणं आहे.

चला, नऊ वाजले. छाया आता सातवीत आहे, लोधीखेड्याच्या शाळेसाठी दप्तर भरते आहे. इंदूबाई डबे घेऊन आली. बाजूला सरा बरं, तुमची सावली पडते आहे माझ्यावर.