पानाआडचा पंख

"आजी, हे पान मध्ये नसतं ना, तर दोन मिनिटांत फुलपाखरू कोणतं ते सांगितलं असतं," कादंबरी म्हणाली आणि तिने भिंग पुन्हा फोटोवर टेकवलं.

मी फोटोकडे बघतच नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते. भिंगाखालचा फोटो पर्समध्ये सरकायला कितीसा वेळ लागतो? ही मुलगी तिसऱ्यांदा माझ्या घरी आली होती. वडील बँकेत, बदलीने कोलकात्याला आले ते इथलेच झाले. मराठी मंडळींच्या गणपतीत तिची माझी ओळख झाली, यापलीकडे मला तिची काही माहिती नव्हती. ती आणि तिचे मित्र शहरातल्या फुलपाखरांची यादी करत होते आणि त्यासाठी जुने फोटो गोळा करत हिंडत होते. यात तुझा काय फायदा, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "काही नाही," म्हणाली. तेव्हापासून माझा संशय वाढलाच.

फोटो ह्यांनी काढलेला. बागबाजारच्या घाटाजवळ, १९ ऑक्टोबर १९९१. हे एस्प्लनेडला सरकारी कचेरीत होते. कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मधल्या बढत्या दुसऱ्यांना मिळाल्या. जयप्रकाश पाटणकर हे नाव आयुष्यात एकदाच छापून आलं, ते या फोटोखाली. निसर्ग बघणाऱ्या मंडळींचं एक चार पानी पत्रक निघायचं, त्यात. ते पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. कादंबरीला मी ते लांबूनच दाखवलं.

"म्हणजे बघा," ती समजावू लागली. तिचं मराठी घरात शिकलेलं, त्यामुळे जरा अडखळतं. "प्लेन टायगर सगळीकडे असतो. केशरी, पंखाची टोकं काळी, त्यात पांढरे ठिपके. त्याची अळी विषारी चिकाची पानं खाते, म्हणून तो कडू. पक्षी त्याला खात नाही. एगफ्लायची मादी कडू नाही, पण ती सेम टायगरसारखी दिसते. पक्षी फसतो."

"आणि माणसं?"

"माणसं पण फसतात. फरक मागच्या पंखात आहे. टायगरला मध्ये तीन-चार काळे ठिपके. एगफ्लायला एकच, वरच्या कडेला. आजोबांच्या फोटोत एकच दिसतो. पण बाकीचा पंख पानाच्या मागे आहे. मागे अजून ठिपके असले तर?"

ह्यांनी तो फोटो एगफ्लायचा म्हणून दिला होता. त्या मंडळींच्या यादीतली ती पहिली एगफ्लाय.

मी म्हटलं, त्यांना कळत होतं कशाचा फोटो काढतोय ते.

"हो, म्हणून तर आजोबांची वही बघायची होती." तिने वहीचं पान माझ्यासमोर धरलं. ह्यांचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. 'मादी. अंडी घालत होती. झाड: घोळ. सौ. सोबत.' "टायगर कधी घोळीवर अंडी नाही घालत, एगफ्लाय घालते. हे जर बरोबर असेल तर पंख नाही दिसला तरी चालतं. फक्त दुसऱ्या माणसाने सांगायला लागतं की हो, मी पाहिलं. तुम्ही होता ना सोबत?"

"होते."

"घोळच होती?"

मला वाटलं, हिला आधीच काहीतरी माहीत आहे आणि ही मला तपासते आहे. पोरगी गोड बोलते आणि डोळे फोटोवरून हलवत नाही. नंतर हळूच म्हणाली, "घोळीचं पान नखाएवढं असतं, आजी. हे पान केवढं आहे."

"पुढे दुसरं कसलं तरी आलं असेल."

"असेल," ती म्हणाली आणि तिने वही मिटली. ते 'असेल' मला मुळीच आवडलं नाही.

जाता जाता मी तिला सहज विचारलं, त्या तारखेला वार कोणता होता ते तुझ्या मोबाइलवर कळेल का? तिने बोट फिरवलं. "शनिवार."

मी तिला पुढच्या शनिवारी ये म्हटलं आणि दाराला कडी लावली.

शनिवार म्हटल्यावर माझ्यापुढे प्रश्नच उरला नाही. लग्न होऊन या शहरात आले त्याला एक्कावन्न वर्षं झाली, आणि आजारपण सोडलं तर एकही शनिवार मी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची चुकवलेली नाही. इथे रुईला आकंद म्हणतात. महादेवासाठी त्याची फुलं बाजारात मिळतात, पानांना कोणी विचारत नाही. मग घाटाजवळ रेल्वेच्या रुळांकडेला झुडपं होती तिथून मी ती तोडून आणायची. हे कॅमेरा घेऊन बरोबर यायचे. त्या दिवशी दुर्गापूजा नुकतीच सरली होती. विसर्जन झालेल्या मूर्तींचे गवताचे सांगाडे पाण्याच्या कडेला पडले होते आणि त्यांवर कावळे बसले होते. मी पानं तोडत होते. हे म्हणाले, "थांब, हलू नकोस." केशरी फुलपाखरू माझ्या हाताजवळच्या पानाखाली शेपूट वाकवून बसलं होतं. रुईच्या पानाखाली. घोळ तिथे नव्हतीच.

आणि मग ते आठवलं, जे मी तेहतीस-चौतीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. घरी येऊन मी पानं पुसत होते. एका पानाच्या पाठीवर मोहरीच्या निम्म्याने असेल असा पांढरा कण चिकटला होता. मी ह्यांना दाखवला. त्यांनी पान खिडकीशी नेलं, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, "काही नाही. धूळ आहे." आणि ते पान सदऱ्याच्या खिशात घातलं. मी कुरकुरले होते, की माळेला अकरा पानं लागतात आणि माझी दहाच झाली. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर गेले.

धूळ खिशात घालून कोण नेतं?

चार दिवस मी त्यांच्या वह्या काढून बसले. नवऱ्याच्या मागे त्याच्या वह्या चोरासारख्या चाळणं मला शोभत नव्हतं, पण राहवेना. फसले असतील, असं मी स्वतःला सांगत होते. पण बाकी सगळ्या वह्यांत झाडाचं नाव जागच्या जागी, पेन्सिलने लिहिलेलं. या एकाच नोंदीत 'घोळ' शाईने होतं. शाईखाली कागद खरवडलेला होता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला घोषालबाबू आमच्याकडे आले होते. ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. रविवारी दोघे मिळून फुलपाखरांमागे हिंडायचे, कॅमेरा एकच, तो आळीपाळीने. पूजेनंतर एकमेकांच्या घरी जाण्याची इथली रीत, म्हणून ते नारळाचे लाडू घेऊन आले. ह्यांनी फोटो दाखवला. घोषालबाबू चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरून बघत राहिले. मग म्हणाले, "जयप्रकाशबाबू, हम तो पत्ता देख रहा है. पंख किधर है?"

हे हसले नाहीत. घोषालबाबूंनी समजुतीने सांगितलं, संशय आहे असं लिहा, नाव देऊ नका, पुढच्या वर्षी पुन्हा दिसेल. तेव्हा ह्यांनी त्यांना म्हटलं, "मेरा नाम छपेगा, वह आपसे देखा नहीं जाता."

घोषालबाबूंनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. रिकामा डबा न्यायलाही ते पुन्हा आले नाहीत. शेजारच्या टेबलावर आणखी आठ वर्षं बसले, पण रविवार संपले. निसर्ग बघणाऱ्या मंडळींत ह्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं मी. भेटेल त्या बाईला सांगितलं, की घोषालबाबूंना मत्सर झाला. ते पसरलं. लोक हसले. घोषालबाबूंनी तिथे जाणं सोडलं. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, ह्यांना नऊ.

ह्यांनी मला तेव्हाही थांबवलं नाही. मी बोलत असले की हे पेपर वाचायचे.

शनिवारी कादंबरी आली. मी पानं पुसत बसले होते. आता मी घाटावर जात नाही. फुलवाली तिच्या आकंदाच्या झाडाची पानं माझ्यासाठी बाजूला ठेवते. मुलीने एक पान उचललं. बोटांनी त्यावरची पांढरट पूड चाचपली, मग मोबाइलवरचा फोटो मोठा केला, आणि पान आणि फोटो शेजारी शेजारी धरले. मला वाटलं आता बोलेल. तिने मात्र पान जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, आपण 'संशय' असं पण लिहू शकतो. कोणाला वाईट नाही वाटणार."

तिच्या गोड बोलण्यावर मी इतके दिवस संशय घेतला, आणि ती मला पळवाट काढून देत होती.

"संशय कशाला?" मी म्हटलं. "रुई लिही. मी पाहिलंय."

"मग ते प्लेन टायगर होतं."

"हो."

तिने लिहिलं नाही. "ती पहिली नोंद जाईल. आजोबांचं नाव..."

"नाव कशाला काढतेस? फुलपाखरू त्यांनी पाहिलं ना? फोटो त्यांनी काढला ना?"

मी चष्मा लावून तिच्या मोबाइलमधली ती यादी बघितली. पाहणारा, जागा, तारीख, झाड, आणि शेवटी एक रकाना. तो कशाचा, मी विचारलं. ओळख कोणी पटवली त्याचा, ती म्हणाली, सध्या तिथे ती स्वतःचं नाव घालते.

"तिथे घोषाल लिही. नीलमाधव घोषाल."

"ते कोण?"

"ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे."

तिने नाव लिहिलं. दोन्ही नावं एका ओळीत आली, सगळीकडे दिसणाऱ्या साध्या प्लेन टायगरच्या दोन बाजूंना. मी तिला फोटो दिला. कोरा लिफाफाही दिला, म्हणजे पर्समध्ये चुरगळायला नको.

ती गेल्यावर मी माळ करायला बसले. हल्ली मी प्रत्येक पान उलटून, उजेडाला धरून बघते. सहाव्या पानाच्या पाठीवर पांढरा कण होता. ते पान मी दोऱ्यात ओवलं नाही. पेल्यात पाणी घेऊन त्यात उभं केलं आणि पेला खिडकीत ठेवला.

मारुतीला दहा पानांची माळ घातली.