बत्तीस नंबर आणि आतले सहा फोन

त्या दिवशीही सगळं नेहमीसारखंच होतं. देवीदास आले, फडक्याने माझं तोंड पुसलं आणि फोन ऐकायचं यंत्र कानाला लावून म्हणाले, "चला, करा सुरू." कापसाचा हंगाम होता. दुपारी नागपूरहून ट्रंक कॉल आला.

"जय भीम बाबा, मी उर्मिला. कसे हाये तुम्ही?"

"जय भीम पोरी. मजेत. थांब, आईले लावून देतो."

"ऐका तर बाबा..."

"आई वाटच पाहून राहिली तुई," असं म्हणत त्यांनी गोदामाच्या भोकात दोरी खोचलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवीदास झोपेतच गेले.

मित्रांनो, मी पांढुर्ण्यातल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याचा जुना टेलिफोन बोर्ड आहे. दूरच्या एका शहरात माझ्या लाकडी पोटात तारा भरल्या गेल्या. मग मी मालगाडीने इथे आलो आणि स्टेशनापासून बैलगाडीने कारखान्यात. तरुण देवीदासांनी मला पेटीतून काढलं ते अगदी तान्ह्या बाळासारखं.

माझं काम समजायला सोपं आहे. बाहेरच्या जगाला आमचा एकच नंबर ठाऊक होता, बत्तीस. आत मात्र सहा फोन होते: मालकांचा, वजनकाट्यावरचा, यंत्रघरातला, गोदामातला, हिशेबाच्या खोलीतला आणि फाटकावरचा. तिगावचा शेतकरी असो की नागपूरचा व्यापारी, सगळे बत्तीसच मागत. माझा दिवा लागे. देवीदास विचारत, "कोण पाहिजे?" आणि दोरी योग्य भोकात खोचत. त्यांना टाळून कोणालाही आत पोचता येत नसे. नको त्या माणसाला बाहेरच थांबवणं हेही आमचंच काम.

एकदा एक दलाल ऐटीत म्हणाला, "मालकाचा साळा बोलतो. लवकर द्या."

"कोणता साळा? मोठा का लहान?"

"लहान."

"मालकाले साळाच नाही, भाऊ," म्हणत देवीदासांनी दोरी उपटली. मालक यशवंतराव हसून हसून लाल झाले. त्यांनी साऱ्या कारखान्याला चहा पाजला आणि माझ्या लाकडाला नवं पॉलिशही मिळालं. फार सुखाचे दिवस होते ते.

फाटकावरच्या गुलाबने एकदा विचारलं, "देवीदासभाऊ, गावभराचे फोन जोडून देता. तुमाले नाही येत का कोणाचा?"

"मले कोण करन बाप्पा? फोन करते त्याले दुसराच कोणी पाहिजे राहते."

इतकी वर्षं या खुर्चीत बसून त्यांचा तसा समजच झाला होता. म्हणून लेकीचा फोन आला की तो आईसाठीच, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. उर्मिला नागपूरला शाळेत शिकवायची. तिची आई कमल आमच्या गोदामात रुई निवडायची. एकदा उर्मिलेने मुद्दाम आईच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. तर देवीदासांनी फाटकावर फोन लावून गुलाबला कमलला बोलवायला पळवलं!

कमल केसांतल्या रुईसकट धापा टाकत फोनवर आली. "बापाशी बोलली का?"

"बोलू कुठं देतात!"

कमल हसली, उर्मिलाही हसली. तारेतून मलाही ते ऐकू आलं. उर्मिलेला बाबांना जे सांगायचं होतं, ते मात्र पुढच्या फोनवर गेलं. आणि पुढच्या फोनवरून त्याच्याही पुढच्या.

देवीदास गेल्यावर यशवंतराव स्वतः माझ्यापुढे बसले. पहिल्याच दिवशी व्यापाऱ्याचा फोन त्यांनी गोदामात जोडला आणि बायांनी त्याला परस्पर भाव सांगून टाकला. माझ्यावर धूळ साचू लागली. पण मित्रांनो, माझं एक ऐका. बोर्ड पुसला नाही तरी एखादा दिवस चालतं. तुमचा फोन जो उचलतो, त्याला मात्र "तुम्ही कसे आहात?" एवढं विचारून गप्प बसू नका. त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. तो तुम्हाला दुसऱ्याकडे जोडू लागला, तर अडून बसा.

आठवड्याने उर्मिला वडिलांचा चष्मा आणि डबा न्यायला आली. चहाची सुट्टी होती, खोलीत कोणी नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीत बसली. कानाला यंत्र लावलं. माझा एकही दिवा लागलेला नव्हता. तरी ती मोठ्याने, नीट ऐकू जाईल अशी बोलली,

"बाबा, आईले लावू नका. मले तुमच्याशीच बोलाचं होतं. दर वेळी तुमच्याशीच."