कमळीची बत्ती

भाऊसोला वाटायचं मी सरकारची व्हावं, सयाजीला वाटायचं मी चळवळीची. मी कुणाचीच नव्हते. मला दुपारी दोन घटका गोष्ट वाचायची होती, बस्स. त्या चव्वेचाळीस सालात एवढी साधी बाब या दोघा बाप्यांनी मला सुखानं करू दिली नाही. त्यांचा राग मला अजून येतो आणि तो मी झाकून ठेवणार नाही.

आष्ट्याला माझ्या थोरल्या भावाचं, कल्लाप्पाअण्णाचं, भुईमुगाच्या शेंगांचं दुकान होतं. नवरा वारल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आले. दुकानाच्या मागं लांबलचक सोपा, आणि तिथं गावातल्या बायका बियाण्याच्या शेंगा फोडायला बसायच्या. बियाण्याची शेंग हातानंच फोडावी लागते. दाणा अख्खा निघाला पाहिजे, त्याची लाल साल निघता कामा नये. अण्णाला कायम दोन काळज्या. बायका बोलत बसल्या की हात थांबतात, आणि गप्प बसल्या की दाणे तोंडात जातात. म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. गोष्टीत जीव गुंतला की बाई बोलतही नाही आणि चावायचंही विसरते, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

अण्णा सांगलीच्या बाजाराला गेला की स्टेशनवरून माझ्यासाठी एक मासिक आणायचा. त्यात दर महिन्याला एका कादंबरीचा हप्ता यायचा. कोकणातल्या दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, कमळा. आई नाही, बाप म्हातारा, लग्न ठरलेला दिनकर गलबतावर गेला तो अजून परत आलेला नाही. कमळा रोज तिन्हीसांजेला उंच जिना चढते आणि बत्ती लावते. आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता, पण कमळीला सगळ्या ओळखत होत्या. पाण्याला गेल्यावर सुलाबाई तिच्याबद्दल शेजारच्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलायची. "कमळीनं त्या मामाला घरात घ्यायचाच न्हाई. लय आतल्या गाठीचा हाय त्यो."

वाचनाचे दोन नियम होते. पहिला माझा मला. हप्ता आधी चोरून वाचायचा नाही. पुढं काय होणार ते मला त्यांच्याबरोबरच, माझ्याच तोंडून कळायचं, आणि याचा मला भारी ताठा होता. दुसरा नियम सगळ्यांना. मासिक उघडल्यापासून मिटेपर्यंत दाराबाहेरचं काही बोलायचं नाही. रॉकेल नाही, रेशन नाही, लढाई तर नाहीच नाही. जी बोलेल तिनं उठून कोपऱ्यातल्या टरफलांच्या ढिगात जाऊन बसायचं. तिथं धुरळा, अंगाला खाज, आणि वाचलेलं धड ऐकूही येत नसे. "टरफलात बस" म्हटलं की म्हातारीसुद्धा मुकाट उठायची.

खरं सांगायचं तर हा दुसरा नियम मी अंजनासाठी केला होता. अंजना आमच्यातली सगळ्यात तरणी. तिचा नवरा जोतीराम फौजेत, ब्रह्मदेशाकडं, आणि संक्रांतीपासून त्याची काही खबर नव्हती. विहिरीवर गेली की कुणी विचारायचं, "काय कळलं का गं?" दळणाला गेली की कुणी सांगायचं, "जपान लय म्होरं आलाय म्हनं." आणि देवळातून बाहेर पडताना मागून कुणी तरी पुटपुटायचं, गोऱ्याच्या पगाराची चटक. सकाळपासून तिच्या कानावर हेच. एकदा पाटी उचलता उचलता ती मला म्हणाली, "आक्का, तुमी पुस्तक उघडलं की तेवढा येळ मला कोन काय इचारत न्हाई. तेवढ्यावर माजा दीस निघतोय बगा." त्या दिवसापासून ती दुपार मी डोळ्यांत तेल घालून राखली.

मग भाऊसो आला. पाटलाचा पुतण्या, भरतीच्या कामावर लागलेला, पायांत करकरीत बूट. हातात छापील कागद, त्यावर छाती काढून उभा असलेला शिपाई.

"आक्का, हे दोन मिनटं वाचा. मग तुमची ती कमळी वाचा की निवांत."

"भाऊसो, हितं बाया गोष्ट ऐकायला बसत्यात," मी म्हटलं. "तुझा कागद चावडीवर चिकटव."

"चावडीवर बाया कुटं येत्यात? हितं कशा सगळ्या एका जागी घावत्यात."

घावत्यात म्हणे! माझ्या बायका काय जाळ्यातल्या चिमण्या होत्या? पण अण्णा दुकानातून धावत आला आणि मला डोळ्यांनी विनवायला लागला. गोणपाटाचा परवाना भाऊसोच्या चुलत्याच्या शब्दावर अडकला होता. मी कागद घेतला आणि एका दमात वाचून टाकला. शूरांच्या भूमीतल्या मातांनो, भगिनींनो, वगैरे. अंजना मान खाली घालून शेंगा फोडत होती, पण तिच्या पाटीत त्या दिवशी किती तरी दाणे फुटके निघाले.

भाऊसोनं माझ्याकडून कागद वाचून घेतला हे गावात लपणार कसं? दोन दिवसांत मागच्या दारानं सयाजी हजर. हा अंजनाचाच चुलत दीर. कॉलेज सोडून चळवळीत पडलेला, कधी गावात तर कधी रानात. स्वराज्य मलाही हवं होतं. पण ते माझ्या सोप्यातून, माझ्या दुपारच्या वेळेवरूनच का जायला हवं, हे मला कुणी सांगावं.

"सरकारचं वाचताय, मग आमचं का न्हाई?" तो म्हणाला.

"मी कुनाचंच वाचनार न्हाई आता."

"म्हंजे तुमी त्येंच्या बाजूला."

झालं! नाही म्हटलं तरी बाजू, हो म्हटलं तरी बाजू. अण्णा पुन्हा धावत आला. त्याला परवान्याची भीती होतीच, आता सयाजीच्या माणसांचीही होती. मी सयाजीचाही कागद वाचला. मग पायंडाच पडला. एक दिवस हा, दोन दिवसांनी तो. कमळी बिचारी जिन्याच्या निम्म्यात ताटकळत उभी.

तेवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण ते दारात उभे राहून गोष्ट ऐकायला लागले आणि कमळीलाच ओढायला लागले. सयाजी म्हणाला, "दीपगृह कुनाचं? सरकारचं. म्हंजे कमळीचा बाप सरकारचा चाकर. ही बत्ती लावतीया ती इंग्रजाच्या बोटींसाटनं." दुसऱ्या दिवशी भाऊसो म्हणाला, "कमळी खरी आपली पोरगी. किनाऱ्यावर पहारा करतीया, जपानी यिऊ नये म्हनून." आणि माझ्या बायका, ज्यांना महिनोन् महिने फक्त दिनकर कधी येतो एवढंच हवं होतं, त्या दोन्हीकडून बोलायला लागल्या. सुलाबाई म्हणाली कमळीनं बत्ती लावूच नये. शालूबाई म्हणाली लावावी, पगार घेतीया न्हवं? एकीनं दुसरीच्या भावाचं नाव काढलं, दुसरीनं पहिलीच्या बापाचं.

"अगं, तिचा माणूस दर्यात हाय!" मी ओरडले. "तेच्यासाटी लावती ती बत्ती! उठा, टरफलात बसा दोघीबी!"

कुणी उठलं नाही. सुलाबाई तर हसली. हे पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतरचा सयाजीचा कागद छापील नव्हता. त्यानं तो स्वतः लिहून आणला होता. मी नेहमीसारखा हातात घेतला आणि वाचायला लागले. आधी वाचून बघायचं नाही, ही माझी सवय. जिचा ताठा मिरवला तीच सवय मला नडली. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत पुढं काय आहे ते मला ठाऊक नसायचं. शिवाय मोठ्यानं वाचायचा माझा सूर एकच. कमळीच्या सुरात, जिना चढावा तसा एकेक शब्द ठेवत मी वाचलं, "जो गोऱ्याची वर्दी अंगावर चढवतो, तो आपल्या भावाच्या गळ्यावर सुरी ठेवतो. त्याची वाट बघणारी बाईही त्याच्याच पापाची धनीण."

सोप्यातले सगळे हात थांबले. माझा आवाज थांबला, पण तो आता थांबून काय उपयोग?

अंजनानं ओटीतले दाणे पाटीत ओतले. पदर झटकला. कुणाकडं न बघता ती उठली, कोपऱ्यात गेली आणि टरफलांच्या ढिगात जाऊन बसली. तिला कुणीही काही म्हटलं नव्हतं. ती एक शब्द बोलली नव्हती.

"वैनी, तुमास्नी न्हवं त्ये," सयाजी चाचरत म्हणाला. "त्ये आपलं सगळ्यांसाटनं..."

"सगळ्यांसाटनं?" मी कागदाचा बोळा करून त्याच्या अंगावर फेकला. "हितं नवरा कुनाचा हाय रं फौजेत, माजा? तू ऊठ हितनं! तुज्यासारक्यानं बसायचं टरफलात, तिनं न्हवं!"

तो गेला. पण अंजनाही दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मला सयाजीची चीड आली, भाऊसोची आली, आणि सगळ्यात जास्त माझ्या जिभेची. तिला दिवसभर जे बाहेर ऐकावं लागायचं, ते मी आत आणून, साखरेत घोळून तिच्या कानात ओतलं होतं.

त्याच आठवड्यात अण्णानं सांगलीहून शेवटचा हप्ता आणला. बायका म्हणाल्या, "वाचा." मी म्हटलं, "आदी अंजनाला." मासिक पदराखाली घेतलं आणि भर उन्हात तिच्या घरी गेले. तिची सासू बनुबाई दारात गोवऱ्या रचत होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलाव. कुनाशी बोलंना झालीया." अंजना चुलीपाशी बसली होती. बाजूला आमच्याच सोप्यातून जळणाला आणलेल्या टरफलांचा ढीग.

"शेवटचा हाय," मी मासिक दाखवत म्हटलं.

तिनं त्याच्याकडं बघितलं. "आक्का, त्यात लढाई न्हाई न्हवं?"

"न्हाई गं. कमळीची गोष्ट ती."

"आदी तुमी मनात वाचा," ती म्हणाली. "मग मला."

म्हणजे माझ्या आवाजावरचा तिचा विश्वास उडाला होता. माझा नियम मोडायला ती सांगत होती आणि नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. मी तिथंच, तिच्यासमोर, मनात वाचलं.

आणि माझं डोकं फिरलं. लेखकानंही तेच केलं होतं! किनाऱ्यावर अंधार पाळायचा हुकूम येतो. कमळी स्वतःच्या हातानं बत्ती विझवते. मग कुणी तरी पुढारी येतो, दोन पानं भाषण करतो, कमळी डोळे पुसते आणि देशकार्याला निघून जाते. गोष्ट संपली. दिनकरचं नावसुद्धा नाही! वर्षभर आम्हाला दर्याकडं डोळे लावायला लावले आणि शेवटी हा गृहस्थ त्या पोराला समुद्रात विसरून गेला. तो समोर असता तर त्यालाही मी कानाला धरून टरफलात बसवलं असतं.

"काय हाय?" अंजनानं विचारलं.

"चांगलं हाय," मी म्हटलं, आणि पान डोळ्यांसमोर धरून वाचायला लागले.

वाचलं की कमळी जिना चढली. वारा सुटला होता, तिनं पदरानं ज्योत झाकली, बत्ती लावली. दूर अंधारात एक गलबत वाट चुकलं होतं. तांडेल म्हणाला, आता खडकावर जाणार. तेवढ्यात नाळेवरून, गलबताच्या पुढच्या टोकावरून, कुणी तरी ओरडलं, उजेड, उजेड! आवाज दिनकरचा होता. माझ्या कपाळावर घाम आला, पण सूर मी सोडला नाही. अंजना हळूहळू माझ्याकडं सरकली. तिनं नकळत ढिगातली एक चुकार शेंग उचलली आणि फोडली.

एवढ्यात दारात सावली पडली. सयाजी. वहिनीची माफी मागायला आला असावा, तोंड तसं पडलेलं होतं. पण माझ्या हातात मासिक दिसलं आणि त्याला राहवलं नाही.

"शेवटचा हप्ता व्हय? मी वाचला वाचनालयात. आक्का, शेवटाला बत्ती इझवलीच का न्हाई? मी म्हनत हुतो न्हवं, त्यो लेखक आपल्या..."

शिवी ओठावर आली होती.

अंजनानं मान वर केली नाही. "त्ये तुमच्यातलं, भावजी," ती म्हणाली. "आमच्यात बत्ती जळतीया. ऐकायचं आसंल तर थितं टरफलात बसा, न्हाईतर वाटंला लागा."

सयाजी उभाच राहिला. मग चपला काढून आत आला आणि ढिगाच्या कडेला टेकला. मी नुसती पानाकडं बघत राहिले.

अंजनानं फोडलेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला. "वाचा की, आक्का," ती हळूच म्हणाली. "आन् पान तरी उलटा आता. मगाधरनं एकच पान धरून बसलाय."

मी पान उलटलं.