हमालाचे गुणदोष

हमालाला खेळातून काढून टाकलं. सर्वानुमते, आणि चहा यायच्या आत. कुणी रडलं नाही, कुणी टेबलावर मूठ आपटली नाही.

पण ते झालंच नाही असं धरून चालू या. धाकटाही तसंच धरून चालला होता.

तर धाकटा त्या दुपारी टेस्टिंगच्या खोलीत बसून हरत होता. हरणं ही त्याची पगारी नोकरी होती. दोन कंपन्यांनी आपापल्या जुन्या व्हिडिओ गेममधले लढवय्ये उचलून एकाच नव्या खेळात आणून सोडले होते. एका घरचे तलवारबाज राजपुत्र, दुसऱ्या घरचे यंत्रमानव, आणि दोन्ही घरची मिळून एकच हाणामारी. यातला कोण कुणाकडून किती हरतो हे बघायला धाकट्याला ठेवलं होतं. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आई ‘कंप्युटरमध्ये आहे’ एवढं सांगून विषय बदलायची.

खेळात गुण होते, नाही असं नाही. बटणं थोडकी, आजोबांनाही जमावीत अशी. दिसायला झकास. लढायचं जोडीने, एक दमला की दुसरा पुढे येतो आणि दमलेला मागे नुसता उभा राहून बरा होतो. औषध नाही, पथ्य नाही. दोषही भरपूर. कोपऱ्यात सापडलात की संपलात; समोरचा एकच लाथ मारत सुटतो आणि तुम्ही हवेतच लटकता, खाली पडायचीसुद्धा मुभा नाही. ही मंडळी एकमेकांवर का उठली आहेत हे कुणी विचारू नये. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे धाकट्याच्याच कंपनीचा एक लढवय्या, हमाल.

हमालाच्या पाठीवर लोखंडी कपाट होतं. त्यावर मागून वार केला तर मारणाऱ्याचंच मनगट जायचं. एवढी भक्कम पाठ अख्ख्या खेळात कुणाची नव्हती. पण खेळाचा नियम असा, की दोघेही कायम एकमेकांकडे तोंड करूनच उभे. तेव्हा कपाटाचा उपयोग एवढाच, की हमाल मुंगीच्या पावलांनी चालायचा आणि तोंडावर मार खायचा.

त्या मार खाणाऱ्या हमालाचा आवाज दादाचा होता.

दादा, म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, वायरमन. कंपनीच्या स्टुडिओत प्लग दुरुस्त करायला गेला आणि शॉक बसून असा ओरडला, की रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठून म्हणाला, “हेच! हेच पाहिजे होतं!” ठरलेला कलाकार आला नव्हता. मग दादालाच माइकपुढे उभं केलं. लाथ बसल्यावर, बुक्की बसल्यावर, कोपऱ्यात सापडल्यावर, असं सगळं त्याने मन लावून ओरडून दिलं. जिंकल्यावरचं तेवढं राहिलं. कुणाच्या तरी घरचा फ्यूज उडाला होता, म्हणून तो पिशवी उचलून गेला. त्यामुळे हमाल चुकून जिंकलाच, तर नुसता कपाट सावरत उभा राहायचा.

नंतर दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गळा वाचला, आवाज गेला.

घरात त्याचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. फोनवर तो ‘आलो’ म्हणून ठेवून द्यायचा. लग्नाच्या व्हिडिओत त्याचे ओठ हलायचे आणि आवाज बँडचा यायचा. धाकट्याने वहिनीला शब्द दिला होता, “खेळ बाजारात आला की पहिलं घरी आणतो. मग रोज ऐका.” तोवर कंपनीतून काही बाहेर नेणं अशक्य होतं. फोनसुद्धा फाटकावरच काढून घ्यायचे.

अशात फतवा निघाला, की मशीनमध्ये जागा कमी पडते. दोन्ही घरचा एकेक गडी वगळायचा. धाकट्याच्या कंपनीचा कोण, हे नवख्या खेळाडूंना खेळवून ठरणार. हिशेब होता तराजू मॅडमकडे. लढवय्यांचं बळ त्या तोलून देत, म्हणून हे नाव. धाकट्याने डोकं चालवलं. नवख्या माणसाने पुन्हा पुन्हा हमालच निवडला, तर त्याला काढतील कसे? घरातलं सगळ्यांत नवखं माणूस कोण? तो वहिनीला घेऊन आला.

वहिनी पर्स मांडीवर घेऊन मशीनपुढे बसली. तिने हमाल निवडला. समोर धाकटा, तलवारबाज राजपुत्र होऊन; चाचणीत जोडी नाही, एकास एक.

“कुठलं दाबू?”

“कुठलंही. लाल दाबलं की लाथ, निळं दाबलं की बुक्की.”

“आणि काहीच नाही दाबलं तर?”

“तर मार बसतो.”

वहिनीने दोन्ही हात पर्सवर ठेवले.

ती जिंकावी म्हणून धाकट्यानेही हात काढून घेतले. पडद्यावर राजपुत्र आणि हमाल एकमेकांकडे बघत नुसते श्वास घेत राहिले. वेळ संपली. बरोबरी. धाकट्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हरता आलं नाही.

“भाऊजी, मारा की.”

“वहिनी, तुम्ही मारायचंय. तुम्हाला जिंकायचंय.”

“जिंकल्यावर बोलतात का हे?”

“नाही.”

“मग मारा.”

धाकट्याने हलकेच एक लाथ घातली. “आई गं!” हमाल कळवळला.

वहिनी खुर्चीच्या टोकाशी सरकली. “बाथरूममध्ये घसरले होते ना, तेव्हा अगदी असंच! अजून मारा.”

“वहिनी...”

“आणि हळू नको हो, हळू मारलं की नुसतं ‘हं’ करतात. तुम्ही सांगितलं होतं ते, ‘अरे मेलो मेलो’, ते कधी म्हणतात?”

“कोपऱ्यात घेतल्यावर.”

“मग घ्या कोपऱ्यात. लाजताय काय, तुमचेच भाऊ आहेत.”

धाकट्याने भावाला कोपऱ्यात घेतलं आणि मारलं. मारत राहिला. हमाल हवेत लटकून ‘अरे मेलो मेलो’ ओरडत होता आणि वहिनी डोळे मिटून मान हलवत होती, मैफलीत बसल्यासारखी. डाव संपला की डोळे न उघडता म्हणायची, “परत लावा.” प्रत्येक वेळी तिने हमालच निवडला. त्यानंतर बटणाला बोट लावलं नाही.

बैठकीत तराजू मॅडमनी हिशेब वाचून दाखवला. “एका नवख्या खेळाडूने दर वेळी हमालच निवडला.”

धाकट्याने खुर्चीखाली मूठ आवळली.

“पण लढताना एकही बटण दाबलेलं नाही. एकदाही. बाकी लोक हमाल घेऊन हरले, पण निदान धडपडले तरी. इथे सरळ शरणागती. याचा अर्थ, हमाल हातात आला की माणसाची लढायची इच्छाच मरते. माझ्या हिशेबात तर काठावर होता तो. या एका नोंदीने निकाल लागला.”

“मॅडम, ती खेळत नव्हती,” धाकटा म्हणाला. “ऐकत होती.”

“काय ऐकत होती?”

त्याने सांगितलं. शॉक, गळा, वहिनी, सगळं.  मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“वाईट वाटलं रे. अगदी खरं सांगते. पण हे मी कुठल्या रकान्यात घालू?”

“ठेवा ना त्याला, मॅडम. सगळ्यांत शेवटी ठेवा.”

“शेवटचाच काढायचा असतो.”

“मग निदान आवाज द्या. एवढासा असेल.”

“आवाज दोन्ही कंपन्यांच्या मालकीचा. दुसऱ्या कंपनीची सही नसेल तर आम्ही देऊ शकत नाही, आणि आमची सही नसेल तर ते सही करत नाहीत. महिनाअखेर वगळलेलं सगळं पुसायचं, असं करारातच आहे.”

सगळ्यांनी हात वर केले. चहा आला.

घरी दादाने पलंगाशी स्वतःच एक बटण बसवलं होतं. ते दाबलं की स्वयंपाकघरात बेल वाजे. धाकटा दारात शिरला तशी ती वाजली. दादाने पाटी पुढे केली: ‘हिला मला मारायला नेलं होतंस म्हणे?’

“नेलं मी, पण मारायला त्याच मागे लागल्या.”

“काय छान ओरडता हो तुम्ही!” वहिनी टॉवेलला हात पुसत आली. “भाऊजींनी असं बदडलं, असं बदडलं! पुढच्या वेळी तुम्हालाही नेऊ. ऐका एकदा.”

दादा हसला. म्हणजे खांदे हलले. मग त्याने पाटी पुसून लिहिलं: ‘कधी?’

“कधी हो, भाऊजी?”

“बघतो,” धाकटा म्हणाला. “विचारतो मॅडमना.”

त्याला हमालाचा शेवटचा अहवाल द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून त्याने तो टाइप केला. गुण: पाठ. दोष: पाठ सोडून सगळं. त्याखाली मोकळी जागा उरली होती, म्हणून त्याने आणखी एक परिच्छेद लिहिला, दोन्ही कंपन्यांच्या नावे प्रत काढली आणि वरिष्ठांच्या ट्रेमध्ये ठेवून दिली:

‘सबब नम्र विनंती की, हमाल या लढवय्यास वगळण्याचा निर्णय कायम ठेवूनही त्यास पुसण्यात येऊ नये. जिंकण्याच्या, लढण्याच्या वा पुढे सरकण्याच्या कोणत्याही अपेक्षेशिवाय, केवळ मार खाण्यापुरते त्यास मशीनच्या एखाद्या कोपऱ्यात उभे राहू द्यावे. मारणारी व्यक्ती अर्जदार स्वखर्चाने पुरवील.’